इच्छामतीची भरती आणि मांडवीचा हिशेब

आमच्याकडे एक फोटो आहे. नदीच्या घाटावर एक बाई उभी आहे. पर्स पोटाशी गच्च धरलेली, हनुवटी वर, चेहरा असा की समोरची नदी तिच्या वडलांनीच खणून ठेवलीय. मागे पाणी आणि पाण्यापलीकडे झाडांची काळपट रेघ. नात विचारते, "आजी, ही कोण गो?" मी म्हणते, "होती एक हुशार बाई. हिला जगातलं सगळं पाणी कळायचं."

ती काळपट रेघ म्हणजे बांगलादेश. नदीचं नाव इच्छामती. फोटो ऐंशीच्या दशकातल्या एका पौषातला, ह्यांनी काढलेला. तो काढल्यावर थोड्याच वेळात त्या बाईची हुशारी कुठल्या दिशेला वाहत गेली, ते सांगायला बसलेय.

निघण्याआधी

आम्ही दोघी बहिणी मांडवीच्या. वडील धक्क्यावर बोटीच्या कचेरीत कारकून होते. बोट कधी लागणार, पडाव कधी सुटणार, सगळं भरतीवर. त्यामुळे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी भरतीचा हिशेब शिकवत. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. जेवताना बाबा मध्येच विचारायचे, "आज षष्ठी. सांगा." माझा घास तोंडात असतानाच कुसुम साडेचार म्हणून मोकळी व्हायची. ती धाकटी, पण हिशेबात माझ्यापुढे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्या वेळी ठेवलं नव्हतं.

कुसुमनं निर्मलशी लग्न केलं. निर्मल मासळी खात्यातल्या नोकरीवर रत्नागिरीत आलेला बंगाली माणूस. आमच्या शेजारच्या पडवीत भाड्यानं राहायचा आणि भाट्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभा राहून कालवं मोजायचा. लग्न मुंबईला नोंदणी कचेरीत झालं. त्यानंतर तो एकदाच आमच्या दारात आला. पाऊस कोसळत होता. तो अंगणात छत्री धरून उभा राहिला आणि बाबांनी आतून दार लावून घेतलं. आई माजघरात होती, मी तिच्या शेजारी. आम्ही दोघींनी छत्रीवरच्या पावसाचा आवाज ऐकला. बराच वेळ ऐकला. मग तो आवाज गेला.

पुढे बाबा गेले. वीस वर्षं गेली. आणि एका आश्विनात तार आली, निर्मल गेल्याची. आईला तोपर्यंत नीट दिसेनासं झालं होतं. तिनं मला पोफळीहून बोलावून घेतलं. हे तेव्हा तिथल्या वीजघरात नोकरीला होते, आमचं बिऱ्हाड कॉलनीत.

"कुसुमला घेऊन ये," आई म्हणाली. "मुलं नाहीत, बाळं नाहीत, तिथं कोणाच्या तोंडाकडे बघून राहील? मला एकदा तिच्या तोंडावरून हात फिरवायचाय."

"आणतेच," मी म्हणाले. बाजारातून बांगडे आणते म्हणावं तशी.

हसनाबाद

मुंबईहून कलकत्त्यापर्यंतच्या गाडीचं काही सांगत नाही. खिडकीतून दोन दिवस सपाट जमीन दिसली आणि ह्यांचं पोट बिघडलं, एवढंच. कलकत्त्याहून निघणारी एक गाडी हसनाबादला येऊन संपते. संपते म्हणजे खरोखरच संपते. पुढे रूळ नाहीत, पाणी आहे.

मला आधी वाटलं, समोर नांगरलेलं शेत आहे. मग ते शेत हललं. इतकं गढूळ पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काठाशी वाकून हात बुडवला तर बोटं दिसेनात. आमच्या नद्या सह्याद्रीवरून निघतात आणि जेवायच्या वेळेला समुद्रात पोचतात. चिखल करायला त्यांना वेळच मिळत नाही. ही मात्र कुठून आलीय, कुठं चाललीय, काही पत्ता लागू देत नव्हती. वारा पडला होता. आभाळ राखेच्या रंगाचं. काठाकाठानं वीटभट्ट्यांची धुराडी, त्यांचा धूर वर न जाता आडवा पसरलेला.

पलीकडचा काठ फार लांब असेल अशा समजुतीत मी होते. दुसरा देश म्हणजे काही नाही तरी समुद्र ओलांडून जावं लागेल, निदान दुर्बीण तरी लागेल. तर समोर एक गाय चरत होती. एक बाई दोरीवर धोतर वाळत घालत होती. मी सायकलवर फळी ठोकलेल्या गाडीवाल्याला विचारलं, "वो कौन गाँव है?"

"ओपार," तो म्हणाला.

मी ह्यांना म्हटलं, "बघा, ओपार नावाचं गाव आहे." आणि पुढच्या गाडीवाल्यालाही विचारून खात्री करून घेतली. कुसुमनं नंतर सांगितलं की ओपार म्हणजे पलीकडचा काठ. कुणी बांगलादेश म्हणत नाही, परदेश म्हणत नाही. आपण भाट्याला जाताना "पलीकडे जाऊन येतो" म्हणतो, तसंच. फरक एवढाच की इथली माणसं तसं म्हणतात आणि जात नाहीत.

कुसुमचं घर

कुसुम घाटावर उभी होती. पांढरी साडी, मोकळे हात, काळवंडलेली. मी ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून. लहानपणी मांडवीच्या धक्क्यावर उभी राहायची तशीच, एक पाय दुसऱ्या पावलावर ठेवून.

"अक्का, जाड झालीस गो," ती म्हणाली. वीस वर्षांनी भेटल्यावरचं पहिलं वाक्य.

तिचं मराठी ऐकून मला कसंसंच झालं. ती निघून गेली त्या वर्षीचं मराठी होतं ते. आई बोलायची ते शब्द, ते हेल, मध्ये एकही नवा शब्द नाही. आमच्या तोंडातून तोवर ते उडून गेले होते. तिनं ते फडताळात ठेवल्यासारखे जपले होते, कारण तिच्याशी मराठी बोलायला कुणी नव्हतंच.

घर मातीच्या जोत्यावरचं. छपराला गोलपाता नावाच्या झाडाची पानं. हे झाड काठावर रांगेनं उभं असतं आणि दिसतं असं की नारळ गळ्यापर्यंत चिखलात पुरलाय, वर नुसत्या झावळ्या. मागे एक तळं, त्यात मासे. अंगणात खजुरीचं झाड, त्याच्या मानेला मडकं बांधलेलं. त्या रसाचा गूळ तिनं आम्हांला तांदळाच्या पिठाच्या घावनांबरोबर दिला. ह्यांचं पोट त्या गुळानं बरं झालं असं ह्यांचं म्हणणं. मी पिशवी उघडून आमसुलं काढली. कुसुमनं मूठभर घेतली आणि नाकाशी धरून बसली. बराच वेळ खाली ठेवली नाहीत.

दुपारी तिनं मोठा जिताडा केला, मोहरी वाटून, मोहरीच्याच तेलात. त्या तेलाचा वास दोन दिवस माझ्या डोक्यात राहिला, पण मासा मात्र असा ताजा की मी दोनदा घेतला. तिच्या पानात भात आणि उकडलेला भोपळा.

"तू नाही घेतलास?"

"इथं नवरा गेल्यावर मासे खात नाहीत."

"आपल्याकडे हे असलं काही नाही. आत्या शेवटपर्यंत खात होती."

"आपल्याकडे नाही. इथं आहे."

"तू इथली नव्हेस, कुसुम."

"मग कुठली?" ती म्हणाली आणि मला तिसरा तुकडा वाढला.

हे खाली मान घालून काटे काढत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, आता गप्प बस. पण फोटोतल्या त्या हुशार बाईला गप्प बसायचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आईनं तुला न्यायला पाठवलंय. जाताना आपण तिघं जायचं."

कुसुमनं पानं उचलली. ती भांडी घेऊन घाटावर गेली आणि मी तिच्या मागे.

घाट

पाणी ओसरलेलं होतं. काठ उघडा पडला होता, चकचकीत, शिशासारखा. त्यावर निवटे, चिखलातले ते मासे, उड्या मारत होते, आपल्या खाडीत असतात तेच. मला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. तिवरांची मुळंही तशीच, चिखलातून वर नाक काढून. बाकी काही आपल्यासारखं नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात बायका बारीक जाळी ओढत चालल्या होत्या. कोळंबीचं बी धरायचं, तळीवाल्यांना विकायचं. जाळ्यात आलेली दुसऱ्या माशांची नखाएवढी पिल्लं त्या काठावर झटकून टाकत. ती चंदेरी पिल्लं चिखलात थोडा वेळ चमकत आणि विझत.

"निर्मल ह्या बायकांशी भांडायचा," कुसुम म्हणाली. "म्हणायचा, एक कोळंबी नेता आणि अख्खी नदी टाकून देता. त्या म्हणायच्या, बाबू, नदीला मुलं खूप आहेत, आमच्या मुलांना भात नाही. मग तो घरी येऊन जेवायचा नाही."

नदीबद्दल तिनं जे सांगितलं ते सगळं निर्मलचं ऐकून. इच्छामतीचं वरचं तोंड गाळानं बुजलंय. पावसाळा सोडला तर वरून गोडं पाणी येतच नाही. उरतो तो समुद्र. तो भरतीला गाळ घेऊन आत येतो, ओहोटीला जातो, पण गाळ इथंच ठेवून जातो. ढकलायला वरून पाणीच नाही. म्हणून तळ वर येतोय, पात्र आक्रसतंय, विहिरी खारावल्यात. अर्धी नदी आपली, अर्धी त्यांची, मधली हद्द पाण्यावर कुठं दिसत नाही. होडीवाले आपापला बावटा लावून आपापल्या बाजूनं जातात. गाळाला मात्र बावटा नसतो.

समोरच्या घाटावर एक बाई भांडी घेऊन उतरली. कुसुमनं मानेनं खूण केली. "ती रोज माझ्याच वेळेला येते. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. आधी लाल काठाची साडी असायची. आता दोन वर्षं पांढरी."

"नाव काय तिचं?"

"मला काय ठाऊक? कधी बोललोच नाही."

मग तिनं मला खरी गोष्ट सांगितली. निर्मलचं गाव समोरच, त्या वळणावरच्या ताडांच्या मागे. फाळणीत तो काकांबरोबर इकडे आला, आई तिकडेच राहिली. ती गेली तेव्हा युद्धाचे दिवस होते, पलीकडे जाणं शक्य नव्हतं. निर्मल ह्याच पायरीवर बसून चितेचा धूर बघत राहिला. मरताना त्यानं कुसुमकडून वचन घेतलं, अस्थी पलीकडच्या काठाला लागल्या पाहिजेत. नेऊन देता येत नाहीत, तर पाण्यानं जाऊ देत.

"मग अजून का नाही सोडल्यास? आश्विनापासून?"

"पाणी बरोबर मिळेना," ती म्हणाली. राखेनं कढई घासत राहिली. "भरतीला पाणी आपल्या काठाला धरून वर जातं. ओहोटीला उलट. पाणी वळलं की पहिल्या जोराला जे सोडाल ते थेट समोर जाऊन लागतं. नारळ, ओंडके, सुटलेल्या होड्या, सगळं ओपारला. म्हणजे पूर्ण भरती होऊन पाणी उतरायला लागेल, नेमकं त्याच वेळी सोडायला हवं."

"एवढंच ना?"

"एवढंच. तो पलीकडे पोचला की माझं इथलं संपलं, अक्का. मग मी तुझ्याबरोबर येते. तू म्हणशील त्या गाडीनं." तिनं कढई पालथी घातली. "वेळ तू सांग. बाबांचा हिशेब आहे ना तुझ्या लक्षात?"

लक्षात आहे ना म्हणे. मी तिथल्या तिथं तिथी मोजली.

संकष्टी

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. मला उपास होता, म्हणजे तिथी चुकायला वावच नव्हता. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती. तीन वाजून जरा गेले की सोडायचं. मी हे सकाळपासून चार वेळा जाहीर केलं.

हे म्हणाले, "अगो, आपला समुद्र पश्चिमेचा. हा पूर्वेचा. आणि इथून समुद्र किती लांब आहे बघ. पाणी पोचायला वेळ नाही का लागणार?"

"चंद्र एकच आहे ना?" मी म्हणाले. "का रत्नागिरीला एक आणि इथं दुसरा ठेवलाय?"

हे कॅमेऱ्यात रीळ घालायला लागले. पोफळीला डोंगराच्या पोटातून देशावरचं पाणी कोकणात उतरवणाऱ्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. पण बायकोशी वाद घालायला तिथं शिकवत नसावेत.

कुसुमनं केळीच्या सोपटांचा लहानसा तराफा बांधला. त्यावर झेंडूची फुलं, एक पणती आणि मधोमध मातीचं बुडकुलं, तोंडाला निर्मलच्या शर्टाचा तुकडा बांधलेला. आम्ही घाटावर आलो. पाणी पायऱ्या चढून चांगलं वर आलं होतं. पायरीशी ते निवांत होतं, एक पान तरंगत जागच्या जागी फिरत होतं. ह्यांनी फोटो काढला तो ह्याच वेळी. तेव्हा मी आतून कशी फुलले होते ते फोटोत स्पष्ट दिसतं. एका हिशेबानं मी निर्मलला त्याच्या आईकडे पोचवणार होते आणि कुसुमला तिच्या.

कुसुम पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. तराफा दोन्ही हातांत. वळून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नक्की ना, अक्का? हीच पूर्ण भरती?"

"नक्की."

"बघ हां."

"अगो सोड. वेळ जातोय."

तिनं सोडला.

तराफा थोडा वेळ पायरीपाशीच घुटमळला. मग स्वतःभोवती एकदा फिरला, आणि निघाला. समोर नाही. उजवीकडे नाही, जिकडे समुद्र होता. डावीकडे, वर, आपल्याच काठाला घासत.

"वळेल आत्ता," मी म्हणाले.

तो वळला नाही. पाणी अजून चढतच होतं. घाटापाशी दिसलेला तो निवांतपणा नुसता कोपऱ्यातल्या भोवऱ्याचा होता. मधली नदी भरतीच्या जोरात आत घुसत होती आणि पूर्ण भरायला तिला अजून बराच अवकाश होता. मी बांधावरून पळत सुटले. पर्स छातीशी, उपाशी पोट, नऊवारी असती तर बरं झालं असतं असं मनात. मागे ह्यांची एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. तराफा माझ्यापुढे फार नव्हता, पण त्याच्या आणि काठाच्या मध्ये मांडीइतका चिखल होता. पणती विझलेली दिसली. फुलं दिसत होती.

एकदा मी मागे वळून पाहिलं. कुसुम बांधावरून येत होती. चालत. पदर खांद्यावरून घेतलेला, पाऊल सावकाश.

वीटभट्टी

घाटाच्या वरच्या अंगाला एक वीटभट्टी होती. विटांची माती तिथं कुणी खणून आणत नाही. नदीच आणून देते. बांधाला एक मोरी ठेवतात, तिला फळ्यांचं दार. भरतीला दार उघडायचं, गढूळ पाणी आतल्या मोठ्या खाचरात घ्यायचं. दार लावायचं. गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी ओहोटीला सोडून द्यायचं. पुन्हा भरती, पुन्हा दार. महिनोन्‌महिने असं करत खाचर काठोकाठ गाळानं भरलं की तो वाळू देतात, कापतात आणि भाजतात. आमच्याकडे जमीन फोडून जांभ्याचे चिरे काढतात. तिथं नदीच कापून घरं बांधतात.

त्या वेळी दार उघडं होतं. मोरीच्या तोंडाशी पाणी फेसाळत आत ओढलं जात होतं, त्याबरोबर काडीकचरा, पानं. मी पोचायच्या आत तराफा दाराच्या चौकटीवर आपटला. सोपटं सुटली. बुडकुलं आडवं झालं, आत खेचलं गेलं आणि पलीकडे चहाच्या रंगाच्या त्या पाण्यात कुठं दिसलंच नाही. झेंडूची फुलं तेवढी खाचरभर पसरली.

मोरीवर बसलेल्या मुकादमाला मी हिंदीतून सांगितलं, जेवढं येत होतं तेवढं. पाणी बंद करा. खाचर उपसा. आमचा माणूस आत आहे. तो घाबरून उठला, मग त्याला कळलं. त्यानं डोक्याचा गमछा काढला आणि हातात धरला.

"माँजी, इसमें तो अभी एक बरसात का गाद बैठेगा," तो म्हणाला. "जो अंदर आया, सो आया. अब अगले जाड़े में ईंट."

"भरती कब पूरी होगी?" ह्यांनी विचारलं. एक पाय अनवाणी, चिखलानं माखलेला.

त्यानं आभाळाकडे पाहिलं. "अभी देर है, बाबू. सूरज ढलते-ढलते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी ह्या माणसानं मला जे काही दिलं त्यात ते सगळ्यांत मोठं.

कुसुम येऊन बांधावर बसली. खाचराकडे बघत राहिली. एक फूल तरंगत तिच्या पायाशी आलं, तिनं ते पुन्हा ढकललं. मग हात जोडले, आणि उठताना मला म्हणाली, "चल, तुझा उपास आहे. चंद्र उगवायच्या आत स्वयंपाक झाला पाहिजे."

परत

मी दोन दिवस रडून घेतलं. तिच्यासमोर, ह्यांच्यासमोर, तळ्यातल्या माशांसमोर. कुसुम रडली नाही. तिनं आमसुलाचं सार केलं, आम्हांला मासे केले, स्वतः साराशी भात खाल्ला. निघायच्या सकाळी मी तिची ट्रंक ओढून पुढ्यात घेतली.

"चल. झालं ते झालं. आई वाट बघत्येय."

"पलीकडे पोचला असता तर आले असते," ती म्हणाली.

"माझ्या चुकीची शिक्षा आईला देऊ नकोस."

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्याच्यावर बसली.

"अक्का, वीस वर्षं मी त्या घाटावर भांडी घासत्येय. पाणी कुठल्या पायरीला येऊन वळतं ते मला ठाऊक नसेल?"

मला समजायला वेळ लागला. तो भोपळा, ती कढई, ते "बघ हां". बांधावरून सावकाश चालत येणं.

"मग मला का विचारलंस?"

"मी त्याला शब्द दिला होता. माझ्या हातानं चुकीच्या पाण्यात सोडवला नसता. तीन महिने रोज घाटावर जात होते, रोज बरोबर पाणी येत होतं, आणि रोज मी भांडी घासून परत येत होते." तिचा आवाज चढला नाही. "जन्मभर त्या पायरीवर तिकडे तोंड करून बसला, अक्का. आई गेली ती त्याला रोज दिसायची. मी मागे जिवंत उभी असायचे. आता तरी इकडे राहू दे."

"आणि दोष माझ्यावर?"

"तुझ्यावर कुठं? बाबांच्या हिशेबावर." ती किंचित हसली. त्या हसण्यात मला जेवताना माझ्याआधी उत्तर देणारी परकरी पोर दिसली. "त्यांनी त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. एवढं एक काम त्यांनी आमचं करावं."

मी रागावले. खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, ते त्या हुशार बाईला शोभण्यासारखंच होतं. कुसुमनं ऐकून घेतलं आणि वाटेसाठी गुळाची ढेप बांधून दिली. हसनाबादला गाडी सुटली तेव्हा ती फलाटावर एक पाय दुसऱ्या पावलावर ठेवून उभी होती. ते माझं तिला शेवटचं बघणं. पुढे मी गेले नाही, ती आली नाही.

गाडीनं बरीच स्टेशनं मागे टाकली. मग हे म्हणाले, "पाणी वळवायचं तर बोगदा खणायला लागतो. तिथीनं वळत नाही." मी हसले आणि हसता हसता पुन्हा रडले. समोरच्या बाकावरच्या बाईनं मला पाणी दिलं.

मांडवी

आई ओटीवर बसली होती. दोघांची पावलं ओळखून तिनं तिसऱ्यासाठी कान दिला. मग हात मांडीवर ठेवले.

मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "तिथी कुठली होती?"

"चतुर्थी."

"म्हणजे तीन," आई म्हणाली. "हिशेब बरोबर होता गो तुझा." थोड्या वेळानं म्हणाली, "मांडवीपुरता." त्यापुढे कुसुमला आण असं ती कधी म्हणाली नाही.

दीड वर्षानं आषाढात चिपळूणकडचा एक जवान सुट्टीवर घरी जाताना वाट वाकडी करून मांडवीला आला. त्याची नेमणूक त्या नदीवर होती. मी तेव्हा आईपाशी आले होते. एका बाईनं हे पोचवायला सांगितलंय म्हणाला, आणि गमछ्यात बांधलेली एक वीट अंगणातल्या पायरीवर ठेवली. दुसरं काही नाही. त्याला चहा देईपर्यंत पाऊस वाढला. तो गेला तरी वीट तिथंच होती. मला तिला हात लावायचं धैर्य होईना. पागोळ्या तिच्यावर पडत होत्या.

"काय ठेवून गेला तो?" आईनं विचारलं.

मी सांगितलं.

आई उठली. भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली, कडी चाचपली आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"आत घे त्याला," ती म्हणाली. "पावसात किती वेळ उभा ठेवशील?"

ती वीट आम्ही उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसवली. तिच्यावरून हात फिरवून मग आई झोपायला जायची, गेली तोपर्यंत. सगळं घर जांभ्याचं, त्यात ती एकटी वेगळी दिसते, करड्या रंगाची. निर्मल तिच्यात आहे की दुसऱ्या कुणाच्या भिंतीत, कोण सांगणार. पण दर पावसाळ्यात तिला मीठ फुटतं. पांढरं, बारीक. आमच्या चिऱ्यांना कधी फुटत नाही.

यंदाही फुटलंय. नात ओलं फडकं घेऊन पुसायला बसली होती. मी म्हटलं, राहू दे, भरती उतरली की जाईल आपोआप.

"कधी उतरेल, आजी?"

मी आता वेळ सांगत नाही.